न वाजलेला डबा

"दुकानातले मजेशीर अनुभव लिहून द्या," असं संपादकांनी सांगितलं. मजेशीर अनुभवांना तोटा नाही. शेलूबाजारच्या चौकात पस्तीस वर्षं मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. एक शेतकरी दर मृगाला यायचा, रेडिओ टेबलावर आदळायचा आणि म्हणायचा, "भाऊ, हा पाऊस येते म्हन्ते आन येत नाई. याले नीट करून द्या." मी मागचं झाकण उघडून फुंकर मारायचो आणि परत द्यायचो. पाऊस पडला की तो मला भज्याची पुडी आणून देई.

पण लिहायला बसलो की डोक्यात दुसरीच गोष्ट येते, आणि ती मजेशीर नाही. 

आधी आमच्या धंद्यातलं एक साधं गुपित सांगतो. बिघडलेली वस्तू स्वतःच बोलते. रेडिओ खरखरतो, टीव्हीवर आडव्या रेघा येतात, फवारणी पंपाचा चार्जर गरम होऊन वास मारतो. गिऱ्हाईक ते पाहून आपल्याकडे येतं, आपण शोधायचं आणि जोडायचं. चूक झालीच तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायला हजर. म्हणजे तेही बरंच. मी आयुष्यात एकच वस्तू अशी बनवली की जी नीट असली तरी गप्प आणि मेली तरी गप्प. स्वयंपाकाचा गॅस गळाला तर वाजणारा डबा.

तो मागायला कुसुमताई आल्या तेव्हा दुकान बंद करून मला वर्ष झालं होतं. घरी पडवीत एक टेबल आणि सोल्डरिंग गन तेवढी ठेवली होती, सवय जात नाही म्हणून. ताई शेलूबाजारपासून जीपने वीस मिनिटांवरच्या वाडीतल्या. मुलगा-सून पुण्याकडे बांधकामावर. घरी त्या आणि त्यांचे मालक सदाशिवभाऊ. भाऊंना तीन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. बाजेवर पडून असतात.

ताईंनी चप्पल काढली, ओट्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मले नाक नाई राह्यलं."

मी चमकून त्यांच्या नाकाकडे पाहिलं. नाक जागेवर होतं.

"कोरोनात वास गेला तो आलाच नाई. दूध करपलं तरी मले समजत नाई. परवा दूध उतू गेलं, गॅस इझला, आन मी तशीच बसून तांदूळ निवडून राह्यली. शेजारीन आली म्हनून वाचलो. ती बोंबलतच आली."

मी म्हणालो, बाजारात तयार यंत्रं मिळतात, तपासून मान्यता दिलेली, ती घ्या. त्या म्हणाल्या, मुलाने पाठवलं होतं एक. लाईन गेली की तेही झोपायचं, आणि आमच्याकडे लाईन किती वेळ असते हे काय सांगायचं? पुढे महिन्याभरात ते बंदच पडलं.

इथे मी चुकलो. बॅटरीवालं तयार यंत्र शोधून द्यायचं सोडून मी "करून देतो" म्हणालो. खरं सांगायचं तर मोह झाला. वर्षभर कोणी काही मागितलं नव्हतं.

त्या गेल्या आणि मला धाकधूक सुरू झाली. रेडिओ चुकला तर गाणं चुकतं. हे चुकलं तर?

दुसऱ्या दिवशी अकोल्याची बस धरली. सुट्ट्या भागांच्या दुकानातला चाचा माझा जुना ओळखीचा. गॅस ओळखणारा भाग म्हणजे बोराएवढी एक डबी, तोंडाला बारीक पोलादी जाळी. चाचाने तिचा एमक्यू-दोन नावाचा प्रकार काढून दिला. "येच ले जाओ भाऊ, सब पकडता है. गॅस, धुआँ, दारू, सब."

सगळं पकडतो हाच तर त्याचा दोष. आमच्याकडची फोडणी तुम्हाला माहीत आहे. लाल मिरची तेलात पडली की शेजारचे तीन जण शिंकतात. असा डबा दिवसातून दहा वेळा बोंबलला असता आणि अकराव्या वेळी ताईंनी त्याची पिन उपटली असती. मी एमक्यू-सहा मागितला. तो मुख्यतः सिलिंडरच्या गॅसला ओळखतो, धुराकडे फारसं लक्ष देत नाही. चाचाने खालच्या खणातून शोधून दोन दिले. एक मोडला तर असावा म्हणून दुसरा.

परत येताना बसमध्ये माहितीचा कागद भिंग लावून वाचला आणि एका ओळीवर अडकलो. या डबीच्या पोटात एक तार सतत तापलेली असते. तापल्याशिवाय तिला गॅस कळत नाही. म्हणजे गॅस पकडायला मी खोलीत एक छोटी शेगडी ठेवणार होतो! पुढे लिहिलं होतं की ती पोलादी जाळी आतली आग बाहेर येऊ देत नाही, म्हणून जाळीला धक्का लावू नये. वाचून पटलं. तरी शेलूबाजार येईपर्यंत तो कागद मी चारदा वाचला.

मग वीज. ती तापलेली तार चोवीस तास वीज पिते, त्यामुळे खेळण्यातली छोटी बॅटरी दोन तासांत संपली असती. ताईंच्या घरातल्या फवारणी पंपाची बॅटरी चांगली दांडगी, दोन-तीन दिवस सहज निघाले असते. पण फवारणीच्या दिवसांत ती कोणीतरी उचलून शेतात नेणार, हे मला माझ्या घरच्या अनुभवावरून माहीत. म्हणून इमर्जन्सी दिव्यात असते तशी सहा व्होल्टची नवी बॅटरी घेतली आणि ती चार्जरवर कायमची जोडली. लाईन गेली तर एक दिवस निघेल.

घंटीवरून ताईंशी फोनवर वाद झाला. त्यांना शाळेसारखी ठणठणीत घंटी हवी होती. तशी जुनी विजेची घंटी माझ्याकडे होती. पण तिच्या टोल्यागणिक आत ठिणगी उडते. गॅस भरलेल्या खोलीत तशी घंटी म्हणजे चोर पकडायला बोलावलेल्या माणसाने घर पेटवायचं. मी बझर लावला. त्यात हलणारं, घासणारं काही नसतं, फक्त एक चकती थरथरते आणि कान फाटेल असं ओरडते.

एवढी अक्कल दाखवून मी पुढच्याच पायरीवर शेण खाल्लं. मला वाटलं, नुसता वाजून काय उपयोग, डब्याने पंखाही सुरू करावा, गॅस बाहेर फेकला जाईल. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. तो बसवला, पंख्याची वायर जोडली, आणि बायकोला बोलावून मोठ्या ऐटीत दाखवलं. सिगारेटच्या लायटरचा गॅस सोडला. बझर ओरडला, रिले टक् झाला, पंखा फिरला.

बायको म्हणाली, "हे टक् काय झालं?"

"ते स्विचचं," मी म्हणालो आणि तोंड तसंच उघडं राहिलं. स्विच दाबला की आत ठिणगी पडते, साध्या पंख्यातही पडू शकते. म्हणूनच तर सांगतात, गॅस गळाला की दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालूही करू नका आणि बंदही. पस्तीस वर्षं स्विच उघडून काळवंडलेली टोकं घासणारा मी, आणि एका अपंग माणसाच्या खोलीत आपोआप उडणारी ठिणगी बसवायला निघालो होतो. रिले उपटून फेकला.  हिच्या तोंडून ते वाक्य निघालं नसतं तर, हा विचार अजूनही मला मधूनच आंघोळीला बसल्यावर येतो.

नवी डबी दोन दिवस सलग तापवावी लागते, तेव्हा कुठे तिचं वागणं स्थिर होतं. दोन दिवस मी टेबलापासून हललो नाही. बायको येता-जाता विचारायची, "काय उबवून राह्यले?"

पोळ्यानंतर एका सकाळी डबा घेऊन वाडीत गेलो. एकच मोठी खोली. एका भिंतीशी ओटा, खाली सिलिंडर, समोर भाऊंची बुटकी बाज. मी भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर डबा ठोकला, चार्जरचा प्लग, आत ठिणगी नको म्हणून, बाहेर ओसरीवर काढला.

ताईंनी विचारलं, "इतकं खाली?"

"खालीच," मी म्हणालो. "तिथून हलवायचं नाही आणि त्याला हात लावायचा नाही."

एवढंच बोललो. लायटरने वाजवून दाखवला. भाऊंनी बाजेवरून डावा हात उचलून काहीतरी विचारल्यासारखं केलं. मी त्यांच्याकडे पाहून "बरे आहात ना?" असं मोठ्याने ओरडलो, जसं काही त्यांचे कानही गेले होते. उत्तराची वाट न पाहता चहा प्यालो आणि जीप पकडली.

त्यानंतर माझे रविवार नासले. दर रविवारी सकाळी जेवणाआधी मी फोन लावायचो.

"ताई, डबा वाजला का?"

"नाई बा."

"हिरवा दिवा दिसतो का?"

"हो, चमकून राह्यला."

हिरवा दिवा म्हणजे वीज पोहोचली, एवढाच त्याचा अर्थ. आतली डबी शुद्धीवर आहे की नाही ते तो सांगत नाही. हे मला ठाऊक होतं आणि ताईंना नव्हतं. त्या निर्धास्त होत होत्या आणि मी दर आठवड्याला जास्त घाबरत होतो. "वाजला नाही" हे ऐकून बरं वाटावं की वाईट, तेच कळेना. एकदा लायटरने वाजवून पाहा असं सांगणार होतो. पण हातात लायटर घेऊन त्या गॅसपाशी काय करतील, या धास्तीने तेही सांगितलं नाही.

दसरा झाला. सोयाबीन निघालं. एका दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. रविवार नव्हता. नाव ताईंचं होतं.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "आमी दोघंही बरे आहो. पन तुमचा डबा बोललाच नाई."

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. रेग्युलेटर बंद ठेवा, दारं उघडी ठेवा, असं काहीतरी म्हणालो असेन. पिशवीत पेचकस, दुसरी डबी आणि लायटर टाकला आणि चौकात येऊन जीपला लटकलो. वाटेभर मनात डबा उघडत होतो. बॅटरी? तुटलेला सांधा? की डबीच मुळात सदोष होती आणि ती मीच खालच्या खणातून मागून घेतली होती?

पोहोचलो तर सदाशिवभाऊंची बाज अंगणात, वाळत घातलेल्या सोयाबीनच्या शेजारी. बाजेभोवती शेजारच्या बाया. ताई उंबऱ्यात बसून होत्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं.

"उंदरानं गॅसची नळी कुरतडली. मागच्या बाजूनं, मले दिसलंच नाई. मी इकडं सोयाबीन फिरवून राह्यली. घरातून गिलास पडल्याचा आवाज आला. म्हनलं, यायले चहाची घाई झाली असन. आली घरात, गॅस पेटवाचा लायटर घेतला खुट्टीवरून. तं त्यायनं माहा पदर धरला. सोडेचना. म्हनलं, काय? तं नाक धरलं."

ताईंनी पदराने तोंड पुसलं.

"मले वाटलं, बिछान्यात झालं. मी गोधडी काढून पाह्यली, तं कोरडं. मी कावली, म्हनलं, काहून तरास देता? त्यायच्या डोयातून पानी आलं, भाऊ. पुन्हा नाक धरलं आन माह्या हातातल्या लायटरकडं बोट केलं. तवा मले समजलं."

नंतर त्यांनी रेग्युलेटर बंद केला, दारं उघडली, हाका मारल्या. चौघींनी बाज उचलून बाहेर आणली.

मी आत गेलो. वीतभर उंचीवर भिंतीत माझे दोन खिळे होते, डबा नव्हता. तो वर होता. देवांच्या फळीवर, तसबिरींच्या रांगेत. हिरवा दिवा चमकत होता. डब्याला झेंडूची माळ, कपाळावर असावा तसा कुंकवाचा टिळा, आणि त्या पोलादी जाळीवर हळदीची चांगली चिमूट दाबून भरलेली.

माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट इथे लिहितो, कारण न लिहिणं लबाडी होईल. मला सुटल्यासारखं वाटलं. डबा नीट होता. चूक माझी नव्हती. बाहेर दोन माणसं मरता मरता वाचलेली आणि मी आत मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होतो. याची लाज वाटायलाही मला थोडा वेळ लागला.

बाहेर येऊन मी जरा आवाज चढवूनच बोललो. "ताई, मी सांगितलं होतं ना खालून हलवायचा नाही म्हणून?"

"दसऱ्याले आमी सगळ्या औजाराची पूजा करतो, भाऊ. इळा, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप. याले कसं सोडू? आन जीव राखनारी वस्तू पायापाशी कशी ठेवू? झाडू लागे, पाय लागे. मले पाप वाटे. मंग मोटार दुरुस्तीवाल्याकडून वायर वाढवून घेतली आन देवापाशी बसवला."

"पण मी सांगितलं होतं."

"सांगतलं होतं," ताई म्हणाल्या. "काहून ते कुठं सांगतलं?"

 शिकाऊ पोरांपुढे, चहाच्या टपरीवर, बायकोपुढे, संधी मिळेल तिथे मी यंत्रांची पोटं उघडून व्याख्यानं दिली आहेत. या अनुभवातसुद्धा पानभर दिलंच आहे. आणि जिचा जीव त्यावर टांगलेला, तिला एक वाक्य सांगितलं नाही. हिला काय समजणार, असं मला वाटलं होतं. असं मी तेव्हा मोठ्याने म्हणालो नसतो, पण तेच वाटलं होतं.

मी तांब्याभर पाणी घेतलं, खोलीत गेलो, ताईंना बोलावलं आणि सिलिंडरपाशी ओतलं. पाणी फरशीवरून पसरत गेलं आणि बाजेची रिकामी जागा होती तिथल्या खोलगटात जाऊन साचलं.

"गॅस हवेपेक्षा जड असतो, ताई. धुरासारखा वर जात नाही. असाच जमिनीवरून चालतो आणि साचतो. देवांपर्यंत पोहोचेस्तोवर खोली भरलेली असेल."

ताई त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे आधी त्यायच्यापाशी जाते?"

"हो."

त्या मटकन खाली बसल्या. 

मग मी अंगणात जाऊन बाजेपाशी उकिडवा बसलो आणि पहिल्यांदाच सदाशिवभाऊंशी माणसासारखं बोललो. आवाज न चढवता. "भाऊ, वास किती वेळ येत होता?" त्यांनी डाव्या हाताने बोटं दाखवली. चार. चार मिनिटं असतील किंवा जास्त, पण तो माणूस काय करायचं याचा विचार करत पडला होता. पेला हाताशी होता, तो फेकला. मग पदर. तेवढंच त्यांना शक्य होतं.

जाळीत हळद बसली होती, म्हणून डबी बदलली. नवी दोन दिवस तापवायची, तोवर गॅस बंद. ताईंनी चुलीवर रांधलं. नळी मात्र मी केली नाही. ते काम एजन्सीच्या माणसाकडूनच करवून घ्यायला लावलं. त्याने वर लोखंडी वेटोळं असलेली नळी बसवली. डबा पुन्हा वीतभर उंचीवर गेला. पायाचा प्रश्न उरला होता. ताई म्हणाल्या, आता समजलं, पण पाय लागला तर मले झोप येनार नाई. मी दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून छोटा कठडा केला, झाडू आणि पाय अडेल असा. हळद-कुंकू कठड्याला, जाळीला नाही, असं ठरलं. यावेळी का ते सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तपासणी. सिलिंडर खोलीबाहेर नेला होता, भाऊंची बाज पुन्हा आत आली होती. डब्याच्या तोंडाशी गॅस सोडला की तो वाजतोच, ते आधीही पाहिलं होतं. म्हणून मी हातभर लांब, बाजेच्या पायाशी, सगळ्यांकडे पाठ करून बसलो आणि लायटर न पेटवता नुसता दाबून धरला. मनात आकडे मोजत होतो. डबा गप्प.  इतक्यात ताई म्हणाल्या, "भाऊ, मागं पाहा."

सदाशिवभाऊंनी नाक धरलं होतं.

मी आणखी आठ आकडे मोजले, तेव्हा कुठे डबा ओरडायला लागला. ताई हसल्या. भाऊंचा अर्धा चेहरा हसला. मला हसू आलं नाही. अकोल्याहून भिंग लावून निवडून आणलेला भाग त्यांच्यानंतर आठ आकड्यांनी जागा झाला होता, आणि त्यांनी हात उचलून काही विचारलं तेव्हा मी चहा पीत बसलो होतो.

मी ताईंना स्टीलचा पेला आणि जाड चमचा मागितला. दोरीने दोन्ही बाजेच्या डाव्या दांडीला बांधले. एकदा वाजवलं तर सगळं ठीक. वाजणं थांबलं नाही तर सगळं सोडून धावायचं. भाऊंनी लगेच एकदा वाजवून दाखवलं.

रविवारचा फोन अजून चालू आहे. डब्याबद्दल विचारतो, हिरव्या दिव्याबद्दल विचारतो, आणि मग ताई फोन बाजेपाशी नेतात. मी म्हणतो, "भाऊ, वास?" कधीकधी उत्तराला वेळ लागतो. त्यांचा हात आता थकत चालला आहे. मी फोन कानाला घट्ट दाबून उभा असतो आणि बायको ताट वाढून थांबलेली असते. मग पलीकडून पेल्यावर चमचा वाजतो, टण्. एकदाच. त्यानंतर मी जेवायला बसतो.